चिऱ्याचं घर घेताना

गोव्यात पर्वरीतला भाड्याचा फ्लॅट सोडून आम्ही दोघांनी डिचोली तालुक्यातलं एक जुनं, अर्धवट पडलेलं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर विकत घेतलं. आमचं हे पहिलंच घर. ओळखीतले बरेच जण आता त्याच विचारात आहेत आणि भेटले की तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं सविस्तर लिहून काढते आहे.

आधी कारण सांगते. बार्देश, तिसवाडी तालुक्यांत बाहेरून आलेल्या पैशाने भाव असे चढले आहेत की पगारावर जगणाऱ्या गोंयकाराने तिकडे बघणंच सोडलंय. आमच्या ऐपतीत दोन खोल्यांचा फ्लॅट बसत होता. तेवढ्याच पैशात डिचोली, सत्तरी, फोंड्याच्या आतल्या गावांत घर, परसू आणि विहीर मिळू शकते, मात्र घर राहण्याजोगं करायला पुन्हा पैसे लागतात. माझं बालपण अशाच घरात गेलं; ते घर भावकीत वाटण्या होऊन गेलं. नवऱ्याला बागेची हौस. दोघांचंही मन एकाच बाजूला झुकलं आणि आम्ही शोधाला लागलो.

फोंडा तालुक्यात एक घर पसंत पडलं होतं. चौकोनी राजांगण, मधोमध तुळशीवृंदावन, किंमतही आवाक्यातली. कागद मागितले तेव्हा कळलं की घर त्यांचं, पण खालची जमीन देवस्थानाची. फोंड्यात असं पुष्कळ ठिकाणी आहे आणि तिथे राहणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, पण विकत घेणाऱ्याने कशावर पैसे मोजायचे? मयेतही एक घर बघितलं. मयेच्या जमिनींचा इतिहास गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. 1961 नंतर मूळ मालक निघून गेले, जमिनी स्थलांतरित मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनकडे गेल्या आणि गावकरी राहत्या घराच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं झगडत राहिले. 2014 मध्ये विधानसभेने कायदा केला, मग लोकांना सनदा द्यायचं काम सुरू झालं. त्या लढ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ज्या घराचा कागद अजून सरकारी फायलीत फिरतो आहे, त्यावर आयुष्यभराची पुंजी लावायची आमची तयारी नव्हती.

शेवटी जे घर घेतलं ते एजंटाने चैत्रात दाखवलं. झाडून लोटून ठेवलेलं, खिडक्या उघड्या, ओटीवर छान वारा. शेजारच्या काकी गडग्यापलीकडून सगळं बघत होत्या. एजंट गाडीकडे गेल्यावर मला म्हणाल्या, "बाय, आत्तां कितें पळयता? पावसांत येवन पळय." म्हणजे, आत्ता काय बघतेस, पावसात येऊन बघ.

हा मला मिळालेला सर्वांत मोलाचा सल्ला. गोव्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उन्हाळ्यात घराचं एकही दुखणं दिसत नाही. आम्ही ऐन आषाढात गेलो. मागच्या पाख्यातून पाणी सरळ माजघरात उतरत होतं आणि शेणाच्या जमिनीवर खड्डे पडले होते. उत्तरेच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत काळी ओल. ओटीकडची भिंत मात्र ठणठणीत कोरडी. परसातून वाहत येणारं पाणी घराच्या जोत्याला लागून जात होतं. पूर्वीचा पाट मातीने बुजला होता, हे काकींनीच दाखवलं. विहिरीला पाणी भरपूर आणि नितळ होतं. परतताना नवरा वहीत खोलीवार लिहीत होता, आणि पुढे किमतीची बोलणी झाली ती त्याच वहीवरून.

त्या भेटीत आम्ही गावातल्या एका म्हाताऱ्या मेस्तांनाही (सुतारांना) बरोबर नेलं होतं. त्यांची तपासणी बघण्यासारखी होती. हातात एक जुना स्क्रू-ड्रायव्हर. त्याच्या मुठीने ते प्रत्येक तुळई ठोकत जायचे आणि कान देऊन ऐकायचे. टणक आवाज आला की पुढे. बद्द आवाज आला की टोक खुपसायचे, आणि पिवळा भुगा खाली पडायचा. माजघरातली फणसाची तुळई वरून वाळवीने पार खाल्लेली दिसत होती. त्यांनी वरचा थर खरवडून काढला आणि आतला पिवळसर तपकिरी गाभा मला हात लावून बघायला लावला, दगडासारखा. "गाभ्याक कांय जावंक ना," म्हणाले, गाभ्याला काही झालेलं नाही. वाशांची गोष्ट उलटी. मधे चांगले दिसणारे वासे भिंतीत शिरतात तिथेच कुजले होते, कारण ओल भिंतीतून येत होती. छताकडे नुसतं मान वर करून बघणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. असा माणूस गाठीला नसेल तर घर बघायला जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

आता कागद. गोव्यातलं जुनं घर एका माणसाकडून विकत घेता येत नाही, ते अख्ख्या कुटुंबाकडून घ्यावं लागतं. इथे 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून लागू झाली. वारसाहक्काचा भाग आता 2012 च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्यात आहे, तत्त्व मात्र तेच. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी-निम्मी. आईबापांना मृत्युपत्राने फक्त अर्ध्या मालमत्तेची इच्छेप्रमाणे वाटणी करता येते, उरलेली अर्धी मुलांचीच, मुलगा असो वा मुलगी. महाराष्ट्रात-कर्नाटकात राहणाऱ्या आमच्या नातेवाइकांना हे ऐकून नवल वाटतं. मला गोंयकार म्हणून या कायद्याचा अभिमान आहे, आणि खरेदीदार म्हणून त्याने आमची जी दमछाक केली तीही मी आनंदाने सोसली.

झालं असं की फॉर्म एक-चौदावर (आमच्याकडचा सातबाराच तो) अजून विकणाऱ्यांच्या आजोबांचंच नाव होतं. आजोबांची मुलं, त्या मुलांची मुलं, त्यातल्या प्रत्येकाचा जोडीदार, एवढ्यांच्या सह्या हव्या. लेकींच्या सह्या तर हव्यातच, पण जावयांच्याही. एक मुलगी बेळगावला दिलेली. तिच्या नवऱ्याला वाटे, सासरच्या घराशी माझा काय संबंध? आमच्या वकीलबाईंनी सांगितलं, त्यांना कायदा लागू होतो की नाही यावर वाद घालत बसू नका, सही घ्या. ते गृहस्थ शेवटी स्वतः डिचोलीला आले. एक बहीण वारली होती, तिची मुलं आणि नवरा वारस. एक भाऊ परदेशी, त्याने तिथल्या भारतीय दूतावासात मुखत्यारपत्र केलं. ते इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टँप ड्युटी भरून घ्यावी लागते, नाहीतर पुढची कटकट. त्याच्या हिश्श्याच्या रकमेवरच्या टीडीएसचा नियमही वेगळा. देशात राहणाऱ्या विक्रेत्याला 50 लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या व्यवहारात एक टक्का टीडीएस कापतात. परदेशस्थ विक्रेत्याला रकमेची ती अट नाही आणि दरही बराच जास्त. हे काम आम्ही सीएकडे सोपवलं.

वारसांचा प्रश्न सोडवायला विकणाऱ्यांनी उत्तराधिकाराचा दस्त करून घेतला. वाटणीबद्दल त्यांच्यात वाद असता तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून घ्यायची प्रक्रिया करावी लागली असती आणि आम्ही बहुतेक माघार घेतली असती. सुदैवाने थोरल्या भावाचा शब्द घरात चालत होता. त्यांची एकच अट होती: या वर्षीची चवथ घरातच होणार, मगच खरेदीखत. कितीतरी पिढ्यांचा गणपती त्या देवघरात बसला होता. आम्ही ती अट मान्य केली, आणि चवथीला आम्हालाही जेवायला बोलावलं गेलं. गळक्या छपराखाली ताडपत्री ताणून माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची आरास बांधली होती. त्या दिवशी त्या भावंडांकडून घराचं जे कळलं ते कुठल्याच सर्च रिपोर्टात नसतं: कुठल्या खोलीखालून जुना पाट जातो, कुठली भिंत नंतर बांधली, विहीर कुठल्या साली आटली होती.

सर्च रिपोर्टाबद्दल मात्र हयगय नको. 2022 मध्ये जमिनी बळकावण्याच्या प्रकरणांसाठी सरकारला पोलिसांचं खास तपास पथक नेमावं लागलं, आणि पोर्तुगीज काळातले म्हणून दाखवलेले बनावट दस्त त्यात पुढे आले. म्हणून आमच्या वकीलबाईंनी फक्त सब-रजिस्ट्रारकडचे कागद बघून भागवलं नाही. जुन्या नोंदणीतलं मालमत्तेचं वर्णन, मात्रिझची (पोर्तुगीज काळातल्या कर-दप्तराची) नोंद आणि सर्व्हे प्लॅन, या तिन्हींच्या चतुःसीमा त्यांनी जुळवून बघितल्या. पोर्तुगीज वाचणारे एक निवृत्त गृहस्थ त्यांच्या ओळखीचे होते. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली आणि मालमत्तेवर बोजा नसल्याचं नील सर्टिफिकेट काढलं. सर्व्हे प्लॅनवर घराचा आराखडा रेखलेला होता, याचं महत्त्व फार मोठं. सत्तरच्या दशकातल्या सर्व्हेच्या वेळी घर उभं होतं याचा तो सरकारी पुरावा.

फॉर्म एक-चौदाच्या इतर हक्कांच्या रकान्यात एक नाव होतं, मुंडकार म्हणून, म्हणजे मालकाच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारा. जागेच्या पूर्वेच्या कोपऱ्यात त्यांचं छोटं घर. काकी म्हणते ना मी, त्यांचंच ते कुटुंब. एजंट म्हणाला, विकणाऱ्यांना सांगा आधी जागा मोकळी करून द्या. मला ते ऐकवलं नाही. 1975 चा मुंडकार कायदा त्यांना राहत्या घरातून काढू देत नाही, आणि पंचायत क्षेत्रात घरासकट 300 चौरस मीटरपर्यंत जागा विकत घ्यायचा हक्क देतो. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. त्या बाईच्या सासूने त्या भाटातले नारळ राखले, तिथेच तिची सगळी हयात गेली. आम्ही काल आलेली माणसं. आम्ही विकणाऱ्यांना सांगितलं की आधी त्यांची जागा त्यांच्या नावे करून द्या, उरलेली आम्ही घेऊ. भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकारांत समजुतीने खरेदीखत झालं, आमची जागा तेवढी कमी झाली आणि किंमतही. ज्यांना जुनं घर घ्यायचंय त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, या रकान्यातलं नाव म्हणजे अडचण असं समजू नका. तो तुमचा शेजारी असणार आहे.

कर्जाने फार पिडलं. पहिल्या बँकेच्या मूल्यांककाने जमिनीची किंमत लावली आणि घरासमोर शून्य लिहिलं. वर बांधकाम परवाना मागितला. पंचायतीच अस्तित्वात नव्हत्या तेव्हाच्या घराचा परवाना कुठून आणायचा? आमच्याकडे घरपट्टीच्या जुन्या पावत्या, मात्रिझ, सर्व्हे प्लॅन होते, ते तिथे कुणी उघडूनही बघितले नाहीत. दुसऱ्या बँकेत एका अधिकाऱ्याने शांतपणे सगळं वाचलं, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला मागितला आणि कर्ज मंजूर झालं. दुरुस्तीचं कर्ज वेगळं, आणि ते काम होईल तसं टप्प्याटप्प्याने मिळतं. म्हणजे पहिल्या टप्प्याचे पैसे आपल्या गाठीला हवेतच. माझ्या भिशीचे पैसे तिथे कामाला आले. खरेदीखत दोघांच्या नावे झालं. स्टँप ड्युटी आणि नोंदणी फीची रक्कम लहान नसते, ती घराच्या किमतीबरोबरच हिशेबात धरावी.

मग दुरुस्ती. पंचायतीकडून दुरुस्तीचा परवाना घेतला. घराची उंची आणि जोतं वाढवायचं नव्हतं, म्हणून प्रकरण तिथेच मिटलं. नव्या खोल्या काढायच्या असत्या तर नगरनियोजन खात्याकडे जावं लागलं असतं.

एका कंत्राटदाराने सुचवलं, कौलं उतरवा, स्लॅब घाला, भिंतींना सिमेंटचा गिलावा मारा, झटपट होईल. झटपट झालंही असतं. पण मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतींवर स्लॅबचं ओझं घालायचं म्हणजे आतून काँक्रीटचे खांब उभे करायचे, म्हणजे घर जवळजवळ पाडायचंच. आणि उत्तरेच्या भिंतीची ओल आली होतीच मुळी सिमेंटमुळे. पूर्वी कधीतरी मालकांनी त्या एकाच भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. चिरा सच्छिद्र दगड, जमिनीतलं पाणी ओढतो आणि हवेवर सोडतो. बाहेरून सिमेंटने तोंड बंद केलं की ते पाणी आतच चढत राहतं आणि आतल्या बाजूने लोणा फुटतो. चुन्याच्या गिलाव्याच्या बाकीच्या भिंती तेवढ्याच जुन्या असून कोरड्या होत्या. घरानेच उत्तर दिलं होतं, फक्त ते मानायचं होतं.

दुरुस्तीच्या पैशांतला जवळजवळ निम्मा वाटा छपराने घेतला, आणि तो योग्यच होता. छप्पर नीट नसेल तर खालचं सगळं काम वाया जातं. पाऊस सरल्यावर कौलं उतरवली. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं लागतात, त्यावरून मोठ्या घराचा अंदाज करा. एकेक कौल बोटाने वाजवून चांगली वेगळी काढली, शेवाळ घासून ठेवली. काहींच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचे ठसे होते. 1865 मध्ये तिथे बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, आणि तिथल्या कौलांनी पुढे सगळ्या किनारपट्टीवरची घरं शाकारली. कमी पडलेली कौलं आसपासच्या पाडलेल्या घरांतून मिळवली, कारण नवीन कौलांचा साचा थोडा वेगळा असतो, जुन्यात ती नीट बसत नाहीत आणि तिथूनच गळतं. फणसाची तुळई खरवडून, औषध लावून तशीच ठेवली. वाशांची कुजलेली टोकं कापून मेस्तांनी नवी टोकं सांध्यात बसवली, सगळे वासे बदलले नाहीत. भिंतीत शिरणारा भाग मोकळा ठेवला, भोवती चुना नाही, सिमेंट नाही.

उत्तरेच्या भिंतीचा सिमेंटचा थर काढताना मी तिथेच होते. छिन्नीच्या एका घावासरशी हातभर लांब पोपडा निघाला आणि मागे चिरा अक्षरशः ओला, बोट लावलं की लाल चिखल. ती भिंत तशीच उघडी ठेवली, मार्चपर्यंत. मेस्त म्हणत होते, घाई नको. हळूहळू तिचा रंग फिका होत गेला, वरून खाली. मग चुना. कळीचा चुना विरवून, पाण्याखाली मुरवून, वाळूत मळून थरावर थर दिले. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कडक होतो, म्हणून प्रत्येक थराला वेळ द्यावा लागतो आणि मधे पाणी मारत राहावं लागतं. चुन्याचं काम येणारे हात आता थोडे उरलेत. आमच्याकडे आलेल्या गवंड्याने त्याच्या मुलालाही बरोबर आणलं होतं, तो शिकत होता, याचा मला फार आनंद झाला.

परसातला बुजलेला पाट उकरला, घराभोवती चर काढून पाणी व्हाळाकडे वळवलं. सर्वांत कमी खर्चाचं काम, आणि त्याने भिंतींचं सर्वांत जास्त भलं झालं. लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग सगळी काढली, नवं अर्थिंग केलं. त्यात एक पैसाही वाचवू नये. लाकडाच्या छपराखाली जुनी वायर म्हणजे आगीला निमंत्रण. सेप्टिक टँक विहिरीपासून 15 मीटरांच्या पलीकडे खणली, त्यासाठी न्हाणीघराची जागा बदलावी लागली.

पहिला पाऊस आला तेव्हा आम्ही राहायला आलो होतो. माजघर कोरडं. ओटीच्या कोपऱ्यात एका ठिकाणी ठिबकलं, ते एक कौल सरकलं होतं. मेस्त दुसऱ्या दिवशी येऊन बसवून गेले. दरवर्षी मे महिन्यात शाकारणी करायचीच हे आता आमच्या हिशेबात आहे. कौलारू घराचा तो वार्षिक खर्च समजून चालावं.

वीजजोडणी आणि घरपट्टी नावावर झाली. म्युटेशनला, म्हणजे फेरफाराच्या नोंदीला वेळ लागला, पण आता फॉर्म एक-चौदावर आमची दोघांची नावं आहेत. मागची पडवी अजून तशीच आहे, तिच्या दोन खांबांना टेकू दिलाय. शिंपल्यांच्या जुन्या खिडकीचे तुटलेले तुकडे मी जपून ठेवलेत, ते बसवणारा माणूस शोधते आहे. पडवीचं लाकूड घेऊन झालंय, आणि मेस्तांनी दिवाळीनंतर यायचं कबूल केलंय.